पोर रडू नये म्हणून

९ जानेवारी

सगळ्यात आधी आली ती शिंपीण. तुमची गाडी कोपऱ्यावर वळली असेल नसेल, ही तोंडात टाचण्या तशाच धरून दारात उभी. "नात आली म्हणे," टाचण्यांमधूनच म्हणाली. मी म्हटलं, आधी त्या काढ बाई, गिळशील, मग बोल. तिच्या मागून तिच्या दोन्ही मुली, मोठीच्या हातात अर्धं खाल्लेलं बिस्कीट, ते तिनं थेट आपल्या मुंगीच्या पुढं केलं. मग वरचे मास्तर काठी टेकत उतरले. त्यांचा पहिला प्रश्न, "किती दिवसांसाठी?" त्यांना सगळं मोजूनमापून लागतं, माहीत आहे ना तुला. मी म्हटलं, सहा महिने. लेक दातांच्या लॅबमध्ये नवीन टेबलावर शिकतेय, साडेसातला सुटते. जावई ट्रकवर, चार-चार दिवस घरी नाहीत. पाळणाघर सहाला बंद. चौथ्यांदा उशीर झाला तेव्हा त्या बाईनं कुलूप लावलं आणि पोरीला पिशवी मांडीवर देऊन पायरीवर बसवून ठेवलं. शिंपीण म्हणाली, "अशा बाईच्या तोंडात माझ्या टाचण्या घालायला पाहिजेत." मास्तर हसले. मास्तर हसलेले मी चार वर्षांत पाहिले नव्हते.

तर आता तुझ्या पोरीचं, मुंगीचं सांगते. तू गेल्यावर तासभर रडली. मग हुंदके देत देत एक अंडं, अर्धं केळं खाल्लं. बूट मात्र काढू देत नाही. हात लावला की पाय पोटाशी घेते. तिला वाटतं, बूट काढले तर निघायच्या वेळी उशीर होईल. मी म्हटलं, राहू दे, माझं काय जातंय, लादी पुसता येते.

तुझे बाबा गेल्यापासून या घरात मी एक कप धुते आणि एक ताटली धुते. आज सात कप धुतले. एकाचा कान तुटला, तरी वाईट वाटलं नाही. तू नीट जेवत जा. रविवारी फोन कर, बोलायला देते तिला.

तुझी आई

---

२४ जानेवारी

आई,

रविवारी तू मधेच फोन का ठेवलास? मला तिचं ओरडणं ऐकू आलं, मग काहीच नाही. मी पुन्हा तीनदा लावला. हे बाहेरगावी होते, घरात मी एकटी, फोन हातात घेऊन बसले होते.

खरं सांग, जेवते का? रोज रडते की फक्त फोनवर?

इकडे बरं नाही चाललेलं. नवीन शिकताना जुनं कामही करावं लागतंच; सोमवारी एका बाईंची वरची कवळी मेणात बसवायची होती. हे काम मी दहा वर्षं करतेय, झोपेतही करीन. तरी डावा सुळा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला. डॉक्टरांकडून परत आली. लॅबच्या मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर ती कवळी माझ्या टेबलावर ठेवली आणि पुढं गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं. या नव्या, सिरॅमिकच्या टेबलाला सहा महिने काम पाहतात आणि मग ठेवतात किंवा परत मेणावर पाठवतात. एकेक दात पावडरीचे थर देऊन रंगवायचा, भाजायचा, शेजारच्या खऱ्या दातासारखा दिसायला हवा. हात जरा हलला तर गेला. फोननंतर दोन दिवस माझा हात हलतो.

तिचे बूट काढले का?

तुझी लेक

---

२ फेब्रुवारी

अगं, आधी चांगली बातमी. बूट निघाले. शिंपिणीच्या धाकटीनं स्वतःचे काढून मुंगीच्या समोर ठेवले आणि म्हणाली, "आता तुझे." झालं. मी तीन आठवडे आर्जवं करत होते.

आता फोनचं. मी ठेवला नाही, मुंगीनं हिसकून घेतला. तुझा आवाज आला की ती फोन उलटा करून मागं बघते, तू तिथं असशील म्हणून. मग टेबलाखाली बघते. मग दार उघडायला लावते. दार उघडलं की जिन्यात मास्तर, ते म्हणतात "काय झालं?" आणि त्यांना बघून ती आणखी रडते, बिचारे ते तरी काय करणार. त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अन्नाला शिवत नाही. बुधवारी कुठं माणसात येते. गुरुवार, शुक्रवार, शनिवार छान जातात. रविवारी पुन्हा फोन.

इकडं ती रडते, तिकडं तू कवळ्या उलट्या बसवतेस. मी विचार केला, सहा महिने फोन नकोच. तू पत्र लिही. मी आधी वाचीन, रडण्यासारखं असेल ते गाळीन, बाकीचं तिला सांगीन. मला चौथीपर्यंतचं येतं तेवढं पुरे आहे. फोन मी कपाटात स्वेटरांखाली ठेवते. अगदीच काही अडलं तर शिंपिणीच्या दुकानात फोन आहे, ती मला हाक मारेल.

तुला कठोर वाटेल. पण तू लहान असताना मी कापडाच्या गिरणीत जायचे, तेव्हा मागच्या दारानं जायचे, तुला कळू नये म्हणून. तू पुढच्या दाराकडे बघत बसायचीस आणि मी मागून बाहेर. तुझी आजी म्हणायची, पोर विसरते गं, सोन्यासारखं असतं त्यांचं. तशी तू मोठी झालीसच ना.

आणि एक. माझ्या कवळीवर तिचा फार जीव आहे. सकाळी मी ती वाटीतून काढते तेव्हा ती समोर बसून असते. मी सांगितलं, हे दात तुझ्या आईनं केले. आता येईल त्याला सांगते. "आईनं दात केले."

तुझी आई

---

५ एप्रिल

आई,

तुझं म्हणणं पटलं. पटलं म्हणून दोन महिने फोन केला नाही. शिंपीणबाईंचा नंबर मात्र पाकिटात ठेवलाय आणि दर रविवारी काढून बघते.

हात आता हलत नाही. गेल्या महिन्यात माझा एकही दात परत आला नाही. मोठ्या बाई परवा माझ्या मागं उभ्या राहून बघत होत्या आणि म्हणाल्या, "रंग कळतो तुम्हाला." एवढंच, पण या बाईंकडून एवढंच म्हणजे खूप झालं. संध्याकाळी मी बसमधून दोन थांबे आधी उतरून चालत घरी गेले.

सोबत फ्रॉक पाठवतेय. दुकानात बाईनं विचारलं, किती वर्षांची. तीन म्हटलं. उंची विचारली तेव्हा मी हातानं दाखवली. आता वाटतं, तो हात जानेवारीतला होता. बसला नाही तर सांग, लाजू नकोस.

माझी आठवण काढते का?

तुझी लेक

---

१६ एप्रिल

फ्रॉक छान बसला. म्हणजे हात जातात. गळ्याचं बटण शिंपिणीनं पुढं सरकवलं आणि खाली चार बोटं दुसरं कापड जोडलं, म्हणाली हल्ली अशीच फॅशन आहे. मास्तरांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "फॅशन वगैरे काही नाही, पोर वाढली आहे." या माणसाला काही म्हणजे काही लपवता येत नाही.

वाढली आहे खरी. आता मास्तरांच्या तिसऱ्या पायरीवरून उडी मारते. पाहुणे आले की आधी पाणी द्यायचं, हे मी शिकवलं. दोन्ही हातांनी पेला धरून अशी चालते जसं काही डोक्यावर घडा आहे, आणि आलेल्या माणसानं संपवेपर्यंत समोर उभी राहते. परवा वीज मीटर बघायला आलेल्या माणसाला दोन पेले पाजले. तो म्हणाला, "आजी, तुमच्याकडं वरचेवर यायला हवं." जाताना तीनदा वळून बघितलं त्यानं.

मी सकाळी उठते तेव्हा ती माझ्या पदराला धरून असते. आजारपण काही नाही. माझे गुडघेसुद्धा बोलायचे थांबले. शिंपीण म्हणते, तुम्ही दहा वर्षांनी लहान दिसता. तिला काय, तिला कौतुक फार. पण आरशात मलाही तसंच दिसलं.

आठवण काढते की. रोज विचारते, आई कधी येणार. तू त्याची काळजी करू नको, तू दात कर.

तुझी आई

---

६ जुलै

आई,

मला ठेवलं. परवा कागद हातात आला. सिरॅमिकचं टेबल माझं झालं.

आता एक सांगायचं आहे आणि ते मी तीन वेळा लिहून फाडलं. लॅबच्या शेजारच्या इस्पितळात नोकरदारांसाठी पाळणाघर आहे, आठपर्यंत उघडं असतं. तिथं एप्रिलमध्येच जागा झाली होती. मोठ्या बाईंनीच सांगितलं होतं, "तुमच्या मुलीचं नाव घाला." मी त्यांना म्हटलं, जुलैनंतर. यांना म्हटलं, जागा नाही. तुला तर कळवलंच नाही.

कामासाठी म्हटलं, स्वतःला. शिकणं अर्धवट राहिलं असतं म्हटलं. ते खरं आहे. पण आई, घरी आल्यावर शांत असायचं. मी दार उघडायची, कुणी पायाला बिलगायचं नाही, मी हात धुवून ताटली घेऊन खिडकीशी बसायची आणि सगळं जेवण गरम असतानाच संपायचं. मला बरं वाटायचं. हे मी कुणाला सांगू? तिकडं ती रोज विचारते, आई कधी येणार, आणि इकडं मी गरम जेवते. तुझ्या पत्रातलं ते वाक्य मी रोज वाचते. वाचून मग जेवते.

जागा अजून आहे, एक सप्टेंबरपर्यंत धरून ठेवतील. तीस जुलैला रविवार आहे, यांना सुट्टी आहे. आम्ही तिला न्यायला येतो. तिला सांगून ठेव. तिचं सामान बांधून ठेव, जास्त नको, तिची वाटी आणि तो फ्रॉक.

तुझी लेक

---

११ जुलै

तुझं टेबल झालं हे मी सगळ्यांना सांगितलं. मास्तरांनी वरून टाळ्या वाजवल्या. शिंपिणीला सिरॅमिक म्हणजे काय ते कळलं नाही, मलाही सांगता आलं नाही, तरी आम्ही दोघींनी आनंद केला.

एप्रिलचं काही मनात ठेवू नको. गरम जेवलीस तर बरं केलंस. मी तुझ्या जन्मानंतर पहिली गरम चपाती कधी खाल्ली ते मला आठवत नाही.

आता माझं. तू तीनदा फाडलंस, मी पाटीवर लिहून पुसलं आणि शेवटी म्हटलं, तू येऊन बघण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. ती विचारत नाही. आई कधी येणार, हे ती फेब्रुवारीच्या शेवटी विचारायची थांबली. रोज विचारते, हे तुला बरं वाटावं म्हणून मी लिहिलं. तू तिकडं एकटी, हात आत्ता कुठं हलायचा थांबला म्हणालीस, मग मी काय लिहिणार होते?

आणखी आहे. तुझा फोटो मी भिंतीवरून काढला. तिकडं बोट दाखवून दाराशी जायची, म्हणून. आठवडाभरासाठी म्हणून काढला होता. स्वेटरांखालीच आहे, फोनच्या बाजूला.

आणखी. शिंपिणीच्या मुली शिंपिणीला आई आई म्हणून हाका मारतात, ते ऐकून मुंगीही मला आई म्हणायला लागली. पहिला आठवडा मी सुधारलं. आजी म्हण, आजी म्हण. मग एक दिवस मी ओट्याशी होते, पाठमोरी, आणि मागून तिनं हाक मारली, आणि मी "काय गं" म्हणून वळले. त्यानंतर मी सुधारलं नाही. शिंपीण म्हणाली होती, "आजी, हे बरं नाही." मी तिला म्हटलं, तुझी शिलाई बघ.

मी मुद्दाम नाही केलं. पण मला आवडलं. तू गरम जेवलीस ते सांगितलंस, म्हणून मीही सांगते.

आता रोज तिला समजावते. आई येणार आहे तुझी. ती म्हणते, "तू आहेस की."

आई

---

१८ जुलै

आई,

पत्र लॅबमध्ये वाचलं. मग दुपारभर चुकीच्या रंगाची पावडर कालवत बसले, टाकून दिली.

फोटो आजच लाव. फोन बाहेर काढ, मी रोज सातला करीन, ती बोलली नाही तरी कानाला लाव. तिला समजावू नकोस. तीसला सकाळी येतो.

रागावले आहे. तुझ्यावर की माझ्यावर ते अजून कळलेलं नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

---

१ ऑगस्ट

फोनवर ती माझ्या मांडीत असते आणि सगळं ऐकते, म्हणून लिहिते. तू स्वयंपाकघरात तोंड धुवायला गेलीस तेव्हा बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही आणि जावई सांगतील असं वाटत नाही.

तुम्ही आलात, ती माझ्या मागं लपली नाही, याचंच मला बरं वाटलं होतं. तुझ्याकडं एकदा, भिंतीवरच्या फोटोकडं एकदा, असं बघत होती. मग आत जाऊन पाणी आणलं. तू पेला घेतलास. ती समोर उभी राहिली तू संपवेपर्यंत. तू संपवलंस. तेव्हा तिनं तुला विचारलं ते तू ऐकलंसच. "तुम्ही आईचे दात केले का?" तू हो म्हणालीस आणि उठून आत गेलीस.

तू आत गेल्यावर तिनं जावयांना विचारलं, "त्या बाईंना दुखतंय का?" एवढा उंच माणूस, ट्रक चालवणारा, खुर्चीत बसल्या बसल्या लहान झाला. मग त्यांनी तिला जवळ ओढायचा प्रयत्न केला, तर ती आदबीनं, अगदी आदबीनं हात सोडवून माझ्याकडं आली. चावली असती, ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तिला वळण लावलं ना. तेच वळण तिनं तुमच्यावर वापरलं.

गाडीशी जे झालं ते आपण दोघींनी बघितलं. मला अजून वाटतं की तू दार लावून घेतलं असतंस आणि निघाली असतीस तरी चाललं असतं. पुढच्या चौकापर्यंत रडली असती, त्याच्या पुढच्या चौकापर्यंत रडली असती, आणि मग झोपली असती. मी त्या वेळी तोंडानं तेच म्हणत होते, जा, घेऊन जा, मागं बघू नको. पण ती रडलीच नाही. सीटवर ताठ बसली, दोन्ही हात मांडीवर, पांढरीफटक, आणि फ्रॉकवर उलटी झाली तरी हलली नाही. तेव्हा तू तिला उचलून माझ्या कडेवर दिलीस. मला म्हणालीस, "पळवून नेल्यासारखं नाही नेणार मी." तुझा जो चेहरा होता तो मी कधी विसरणार नाही. तू लहान असताना मागच्या दारानं जाणाऱ्या बाईचा चेहरा तू कधी बघितला नाहीस, मी जायचे म्हणून मला तो माहीत आहे; तसाच होता तुझा.

घरात आल्यावर मी तिला धुतलं, कोरडं केलं. माझ्या मनात काय आलं ते सांगते. तुमची गाडी निघाल्याचा आवाज आला आणि माझा जीव खाली बसला. बरं वाटलं मला. लगेच लाज वाटली, पण बरं आधी वाटलं. मास्तर वरून उतरले, दारात उभे राहिले, म्हणाले, "राहिली का?" मी हो म्हटलं. त्यांनी काठी वळवली. शिंपीण आलीच नाही. तिची मशीन दिवसभर चालू होती.

तू सांगून गेलीस तसं करते आहे. सकाळी उठल्यावर फोटो दाखवते. आजी म्हण, असं दर वेळी सुधारते. ती आजी म्हणते, आणि मग थोडा वेळ मला कशानंच हाक मारत नाही. येऊन पदर ओढते फक्त. काल दुपारी पूर्ण दुपारभर पदर ओढला. मी सुधारत राहीन. एक सप्टेंबरच्या आत तिला तुझ्याकडं जाऊ वाटलं पाहिजे, आणि ते करायचं माझ्या हातात आहे, आणि माझे हात तेच करायला तयार नाहीत, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते. तरी करीन. तू प्रत्येक सुट्टीला ये. रिकाम्या हातानं ये, पिशव्या आणू नको. ती पिशवी बघून आत जाते.

काल संध्याकाळी, फोन झाल्यावर, तिनं विचारलं, "ते पाहुणे पुन्हा येणार?" मी म्हटलं, पाहुणे नव्हेत गं ते, तुझी आई आणि बाबा. ती म्हणाली, "मग घरी का गेले?" मी तिचे केस मागं सारले. मग तिनं पुन्हा विचारलं, येणार का, कधी. मी तिला कडेवर घेऊन कॅलेंडरशी नेलं आणि तिच्या बोटानं तो चौकोन दाखवला. तेरा तारीख, रविवार, सकाळी येतो म्हणालेत.